बोल्ट नक्की कुठे धरून बसलाय? घरी ड्राइव्हशाफ्ट बदलतानाचे तीन दिवस

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की डाव्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायला लागला तेव्हाच अंदाज आला होता. खाली वाकून टॉर्च मारला तर रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर, ब्रेकच्या पाइपवर सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं, आणि ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेलं असतानाही शाफ्टला फिरू देणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट एका घडीवर अर्धा फाटलेला. बूट फाटला की आतलं ग्रीस फिरता फिरता बाहेर फेकलं जातं, त्याच वाटेने धूळ-पाणी आत जातं, आतल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा घासल्या जातात आणि मग हा आवाज सुरू होतो. आधी लक्षात आलं असतं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं, पण एकदा कटकट ऐकू यायला लागली की जॉइंट गेलेलाच धरायचा. म्हणून दोन्ही जॉइंटसकट अख्खा तयार शाफ्टच आणला.

सांगायला हे काम सोपं आहे. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) मोठा नट काढा, टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) सोडवा, खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळीचा सांधा) सोडवा, नकल (हब धरून ठेवणारा जाड लोखंडी भाग) बाहेर ओढून शाफ्ट हबमधून काढा, मग गिअरबॉक्समधून काढा आणि नवा घाला. नव्या गाडीवर दोन-अडीच तासांत होईलही. माझी गाडी १२ वर्षांची, आणि या नटबोल्टांना कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाना लावलेला नव्हता. मला ३ दिवस लागले आणि त्यातला बहुतेक वेळ फक्त चार जागी गेला. त्या चार जागा चार वेगवेगळ्या कारणांनी अडकलेल्या होत्या, एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी चालला नाही, आणि हे कळायला मला पहिला अख्खा दिवस लागला. तेवढ्यासाठीच हे लिहितोय.

तेलापासून सुरुवात करतो. गंज सोडवणारं जे पातळ तेल मिळतं ते मी आदल्या रात्रीच मारलं होतं, पण मारण्याआधी वायर ब्रश फिरवायचा राहिला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण बोल्टभोवती जी चिखलाची आणि जुन्या ग्रीसची पुटं असतात तीच सगळं तेल पिऊन टाकतात, आणि आपल्याला वाटतं तेल आत गेलं. हे तेल आत जातं ते फटीतून आपोआप खेचलं जाऊन, जसं कापडाचं टोक पाण्यात बुडवलं की पाणी वर चढतं तसं, आणि फट जर मातीने बुजलेली असेल तर ते जाणार कुठून? शिवाय त्याला वेळ लागतो. मारलं आणि पाच मिनिटांत पाना लावला याचा काही उपयोग नाही. आधी ब्रश, मग तेल, मग हातोडीने हलके ठोके, काही तास थांबून परत तेल, असं दोन-तीन वेळा केलं तर फरक पडतो. ठोके यासाठी की गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

आता हबचा नट. माझ्या गाडीत तो ३२ मिलिमीटरचा आहे, काही गाड्यांत ३० किंवा ३६ चा असतो. हा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, व्हील कॅप काढली की मधल्या भोकातून सॉकेट आत जाते. हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये, चाकांना पुढे-मागे अडण, आणि धाकटी बहीण आत बसून ब्रेक दाबून. गाडी जॅकवर चढवून या नटावर जोर लावायचा नाही, एवढ्या जोराने गाडी स्टँडवरून सरकू शकते.

या नटाला वर एक पातळ कॉलर असते आणि बसवताना ती ठोकून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते, म्हणजे नट आपोआप सुटू नये. काढण्याआधी ती उचलावी लागते. मी छन्नीने उचलली, दिसायला तरी उचललेली होती, आणि अर्ध्या इंचाचा लांब हँडल लावला, त्यावर पाइप चढवला आणि ओढायला लागलो. हँडल वाकायला लागला. अजून ओढलं. बहिणीने खिडकीतून विचारलं, "दादा, नट फिरतोय की नुसता पाना वाकतोय?" मी म्हटलं, "थांब, येईल आता." पुढच्या झटक्याला हँडलचं चौकोनी टोक तुटून सॉकेटमध्येच राहिलं आणि पाइप मडगार्डवर आदळला. मी पाइप स्वतःकडे ओढत होतो आणि पाय नीट रोवलेले होते म्हणून हाताला काही झालं नाही. लोटत असतो तर सगळी बोटं मडगार्डवर गेली असती. शक्य असेल तिथे ओढायचं, लोटायचं नाही, हे तेव्हापासून कधी विसरलो नाही.

बहिणीचा तो प्रश्न खरं तर आधी मला पडायला हवा होता. त्या दिवशी परत जोर लावला नाही. सॉकेट काढून टॉर्च लावून नट नीट बघितला तेव्हा दिसलं की कॉलरची कड वर उचललेली आहे पण खालचा दाबलेला भाग अजून खाचेत तसाच रुतलेला आहे. म्हणजे मी गंजाशी लढतच नव्हतो, नट खाचेत अडसर लावून बसला होता आणि मी तो अडसर कापायचा प्रयत्न करत होतो. अरुंद छन्नी कानशीने घासून अजून अरुंद केली, खाचेच्या लांबीत घालून हळूहळू तो भाग पूर्ण बाहेर उचलला. शाफ्टचे आटे दुखावणार नाहीत इतपत जपून, पण नटाची फिकीर न करता, कारण हा नट परत वापरायचाच नसतो. बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने साफ केले, कारण नट सुटल्यावर त्या गंजलेल्या आट्यांवरूनच बाहेर येणार असतो आणि तिथेही अडकतो. तेल मारलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाऊण इंचाचा हँडल, सहा कोनांची इम्पॅक्टसाठीची जाड सॉकेट आणि १ मीटरचा पाइप. इथे थोडा हिशोब सांगतो. १ मीटरच्या टोकाला ४० किलो वजन टाकलं तर नटावर जवळपास ३९० न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) पडतात. असे नट बसवताना गाडीप्रमाणे साधारण २०० ते ३०० न्यूटन मीटरला आवळतात आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने सुटायला त्याहून जास्त लागू शकतं. म्हणजे १ मीटरच्या पाइपवर एका माणसाने नुसतं अंगाचं वजन टाकलं तरी पुरायला हवं. तेवढ्यानेही नट हलत नसेल तर पाइप वाढवण्याआधी थांबून बघायचं, दुसरं काहीतरी धरून बसलेलं असतं. आधी मी तो किंचित आवळायच्या दिशेने दाबला, हे विचित्र वाटतं पण गंजाची पकड कुठल्याही दिशेने एकदा मोडली की झालं. मग उलट, झटका न देता, वजन हळूहळू वाढवत. टक्क असा मोठा आवाज आला. मी दचकलो, वाटलं परत काहीतरी तुटलं, पण नट सुटला होता.

टॉर्क रेंचने नट सोडायचे नाहीत हे बहुतेकांना माहीत असेलच, तरी सांगतो, त्याचं मापच बिघडतं. आणि हब नट सैल झाल्यावर गाडी चाकांवर ढकलून इकडे-तिकडे न्यायची नाही, कारण त्या नटाच्या दाबामुळेच चाकाचं बेअरिंग एकत्र घट्ट धरलेलं असतं, दाब नसताना त्यावर गाडीचं वजन फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

मग चाकाचे नट थोडे सैल करून गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, काढलेलं चाक सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) खाली आडवं सरकवून ठेवलं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. आपण जाम बोल्टवर हातोडा मारणार असतो, गाडी हलणारच.

टाय रॉड एंड दुसरी जागा. कॉटर पिन गंजून भुगा झाली होती, ती ठोकून काढली, नट अर्ध्यापर्यंत छान आला आणि मग नटाबरोबर आतला पिनसुद्धा फिरायला लागला. असं झालं की पाना कितीही फिरवा, काही होत नाही. इथे तर उलटीच अडचण, जो पिन घट्ट धरून बसायला हवा तोच सैल झालेला. हा पिन निमुळता असतो आणि निमुळत्या भोकात दाबून बसलेला असतो. माझ्या गाडीत नट वरच्या बाजूला आहे, म्हणून खालून छोटा जॅक लावून टाय रॉड एंड वर दाबला, पिन परत भोकात घट्ट बसला आणि नट आरामात निघाला. ज्यांच्या गाडीत नट खाली असेल त्यांना वरून पहारीने दाबावं लागेल.

नट निघाल्यावर आता तोच पिन सोडवायचा होता. यासाठी दोन शिंगांची लोखंडी पाचर मिळते पण ती रबर हमखास फाडते, मला टाय रॉड एंड परत वापरायचा होता म्हणून ती नको होती. पिनावर खालून-वरून ठोकायचंही नाही, आटे जातात. नट दोन-तीन आटे परत चढवून ठेवला, म्हणजे सुटल्यावर रॉड खाली आपटणार नाही, आणि नकलच्या ज्या डोळ्यात पिन बसतो त्या डोळ्याच्या बाजूवर जड हातोड्याने मारलं, समोरच्या बाजूला दुसरा हातोडा टेकवून. डोळा क्षणभर दबून लांबोडा होतो आणि निमुळती पकड सुटते. पाचव्या का सहाव्या ठोक्याला खटकन खाली आला.

आणि मग तो बॉल जॉइंटचा बोल्ट. माझा एक अख्खा दिवस याने घेतला आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

नकलच्या खालच्या टोकाला दोन कान असतात, मध्ये चीर असते, त्यात खालून बॉल जॉइंटचा दांडा शिरतो, आणि दोन्ही कानांमधून एक आडवा बोल्ट जाऊन त्यांना आवळतो. बॉल जॉइंटच्या दांड्याला एक खाच असते आणि हा बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून बोल्ट नुसता सैल करून उपयोग नसतो, तो पूर्ण बाहेर काढावाच लागतो. नट १७ च्या पान्याने एका दमात निघाला. मला फार बरं वाटलं. मग बोल्टाचं डोकं फिरवायला गेलो तर ढिम्म.

रिंग पाना लावून जोर दिला तर डोक्याचे कोपरे घसरायला लागले. तिथेच थांबलो. ज्या क्षणी पाना कोपऱ्यावरून सरकल्यासारखा वाटतो त्या क्षणी हात काढायचा, अजून एकदा बघू म्हणून मारलेला झटका डोकं गोल करतो आणि मग पकडायलाच काही उरत नाही. बारा कोनांचा पाना अशा जागी वापरायचाच नाही. सहा कोनांची सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट चढवली.

बहिणीने एक चांगली गोष्ट केली. पांढऱ्या मार्करने बोल्टाच्या डोक्यावरून नकलपर्यंत एक सरळ रेघ मारली, म्हणाली आता तू फिरव, मी रेघ बघते. मी जोर लावला, रेघ किंचित तुटली, मी खूश झालो, जोर सोडला, रेघ परत जुळली. "दादा, परत जागेवर आला." म्हणजे बोल्ट फिरत नव्हता, पिळला जात होता, डोकं फिरत होतं आणि दुसरं टोक जागेवरच होतं. अशा वेळी अजून जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं आणि उरलेला बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो, तोही अशा कोपऱ्यात जिथे ड्रिल सरळ धरता येत नाही. ही रेघ मी आता प्रत्येक जाम बोल्टवर मारतो. हाताला जे कळत नाही ते रेघेला कळतं.

मग जमिनीवर बसून विचार केला की हा धरून बसलाय कुठे. नट निघालाय. नकलमध्ये आटे नाहीत, दोन्ही कानांची भोकं सपाट आहेत. (काही गाड्यांत नट नसतो, दुसऱ्या कानातच आटे असतात, तिथे वेगळं होतं.) म्हणजे आटे अडकलेलेच नाहीत, अडकलाय तो बोल्टाचा मधला गुळगुळीत भाग, कानांच्या भोकांत आणि बॉल जॉइंटच्या खाचेत. आणि मी दोन दिवस तेल मारत होतो ते नटाच्या बाजूच्या आट्यांवर! वरच्या चिरेतून पाणी आत उतरतं आणि बोल्टाच्या मधोमध साचतं. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणजे भोकात बोल्टाभोवती जी अगदी थोडी मोकळी जागा होती ती गंजाने ठासून भरली.

मग चिरेत पत्र्याची पट्टी घालून माती खरवडली आणि तेल चिरेतूनच सोडलं, दर दोन तासांनी, संध्याकाळपर्यंत. मध्येमध्ये डोक्यावर ठोके. आणि दुसरी गोष्ट लक्षात आली ती लोअर आर्मची, म्हणजे बॉल जॉइंट ज्याच्या टोकाला असतो त्या खालच्या दांडीची. चाक लटकलेलं असलं की लोअर आर्मच्या रबरी बुशांचा पीळ बॉल जॉइंटच्या दांड्यावर ताण देत राहतो, आणि त्या दांड्याच्या खाचेतच आपला बोल्ट आहे, म्हणजे दांडा बोल्टाला चिमटीत धरून बसलाय. लोअर आर्मखाली जॅक लावून अगदी थोडा वर घेतला, गाडी स्टँडवरून उचलली जाणार नाही इतपतच. मग सॉकेट लावून फिरवलं आणि रेघ तुटली, सोडलं तरी जुळली नाही. केसभर असेल, पण खरंखुरं फिरलं होतं.

यानंतरही सरळ उलटं फिरवत सुटायचं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, परत तेल, परत पुढे-मागे. बाहेर येणारं तेल लालसर-तपकिरी दिसायला लागतं, तो गंजाचा चुरा बाहेर येत असतो, तो येऊ द्यायचा. अर्ध्या तासात बोल्ट मोकळा गोल फिरायला लागला पण बाहेर यायचं नाव नाही, फिरतोय आणि जागच्या जागी.

इथे मी आगीचा विचार केला होता. छोटा गॅस टॉर्च घरात आहे. तापवायचं असेल तर बोल्ट नाही, बाहेरचा कान तापवायचा असतो, म्हणजे भोक मोठं होतं. पण पोलाद फार थोडं फुगतं, १२ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर जेमतेम ०.०३ मिलिमीटर वाढतं. एवढंसुद्धा पुष्कळ वेळा पुरतं, कारण खरं काम तापून-निवताना गंजाचा थर फुटण्याचं असतं. पण माझ्याकडे दोन दिवस मुरलेलं तेल सगळीकडे होतं, ते पेट घेतं, शेजारी बॉल जॉइंटचं रबर, वर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर. बॉल जॉइंट बदलणारच असतो तर कदाचित तेल पुसून, वाळवून केलं असतं. तसं नव्हतं म्हणून टॉर्च पेटवला नाही, आणि अजूनही मला वाटतं तेच बरोबर होतं.

जुना नट परत चढवला, बोल्टाच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतका, म्हणजे ठोका आट्यांवर न पडता नट आणि टोक दोघांवर पडेल, आणि २ किलोच्या हातोड्याने मारलं. हलक्या हातोडीचे पन्नास ठोके टोक पसरवतात, जड हातोड्याचे चार सरळ ठोके बोल्ट हलवतात. पहिल्या दोनला काही नाही. तिसऱ्याला आवाज बदलला, आधी टण्ण येत होता तो ठप्प असा आला, आणि पलीकडून बहीण ओरडली, "हललं! डोकं पुढे आलं!" नट काढला, बोल्टापेक्षा बारीक, ८ चा पंच लावला आणि फिरवत-ठोकत बाहेर काढला.

तो बोल्ट हातात घेऊन बघितला तेव्हा खरंच वाटलं की हे आधी कळायला हवं होतं. आटे जवळपास नव्यासारखे, डोक्याखालचा भागही चकचकीत, आणि मधोमध फक्त बोटाच्या पेराएवढ्या भागात गंजाचं जाड काळं-तांबडं कडं. चिरेच्या बरोबर खाली.

बॉल जॉइंट त्यानंतर काढायला चिरेत छन्नी अगदी हलकी घातली. इथे जोर नको, नकल ओतीव असेल तर कान तडकू शकतो आणि मग अख्खं नकल बदलावं लागतं. लोअर आर्मवर लांब पहार टाकून खाली दाबलं, दांडा निघाला.

चौथी जागा शाफ्टचे दाते, स्प्लाइन. हब नट निघाला म्हणजे शाफ्ट हबमधून सरकेल असं वाटतं, पण दाते हबच्या आत गंजून बसलेले. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा मोह होतो. शाफ्ट तर टाकूनच द्यायचाय, मग काय होणार असंही वाटतं, पण प्रत्येक ठोका चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि ते मला टाकायचं नव्हतं. लाकूड ठेवून दोन-चार ठोके मारून बघितले, मग थांबलो. हबच्या बोल्टांवर बसणारा पुलर लावला, मधला स्क्रू आवळून ताण दिला आणि तसाच सोडून दिला, दात्यांवर तेल मारून. पंधरा मिनिटांनी परत पाव फेरा. मग ताण असताना स्क्रूच्या डोक्यावर एकच ठोका, आणि शाफ्ट एकदम आत सरकला. इथे काम ताणाने केलं, ठोक्याने फक्त निमित्त दिलं. शाफ्ट सुटल्यावर नकल ब्रेकच्या पाइपवर लटकू द्यायचं नाही, तारेने बांधून ठेवायचं.

गिअरबॉक्सकडची बाजू मानाने सोपी गेली, पण एक गोष्ट आधीच करायला हवी. शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतं, म्हणून ते आधी काढतात, आणि तेल काढायचा प्लग सोडण्याआधी भरायचा प्लग सुटतो की नाही ते बघायचं. तोच जाम असेल तर तेल काढून रिकामी गाडी घेऊन बसावं लागतं. माझा सुटला. मग जॉइंट आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या खाचेत पहार लावून एक छोटा झटका दिला, आतली सर्क्लिप (शाफ्ट जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) सुटली आणि शाफ्ट हातात. ज्या गाड्यांत आतला जॉइंट सहा बोल्टांनी फ्लॅंजवर बसवलेला असतो तिथे त्या बोल्टांच्या डोक्यातल्या खाचा ग्रीस आणि मातीने भरलेल्या असतात, त्या सुईने आधी पूर्ण साफ करून मगच बिट हातोडीने तळापर्यंत ठोकून बसवायचा, अर्धा बसलेला बिट डोकं खाऊन टाकतो.

जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, दात्यांची संख्या आणि एबीएसची रिंग जुळवली. गिअरबॉक्सचं ऑइल सील बदललं, इतकं उघडल्यावर जुनं ठेवण्यात अर्थ नाही. नवा शाफ्ट ढकलला, सर्क्लिपचा खट्ट आवाज आला, आणि जॉइंटचं कवच धरून ओढून खात्री केली. शाफ्ट धरून ओढायचं नाही, आतला जॉइंट सुटतो.

बॉल जॉइंटला नवा बोल्ट आणि नवा नट. नकलची भोकं गोल वायर ब्रशने आतून साफ केली आणि बोल्टाच्या फक्त मधल्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीसचा पातळ हात दिला. आटे कोरडेच ठेवले, कारण आट्यांना ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हबच्या दात्यांनाही किंचित लावलं. नवा हब नट गाडी जमिनीवर आणून, बहीण परत ब्रेकवर, टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे २४५ न्यूटन मीटरला आवळला आणि कॉलर बोथट पंचाने खाचेत दाबली. या वेळी ती किती खोल जाते हे नीट बघितलं. गिअर ऑइल भरायच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करून हळू गोल चकरा मारल्या, खिडक्या उघड्या ठेवून. काही आवाज नाही. बहीण बाहेर उभी राहून चाकाकडे कान लावून होती, तिनेही मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली टाकलेला पुठ्ठा बघितला, कोरडा होता, आणि थोडी गाडी चालवून चाकाचे नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासले.

मग टॉर्च उजव्या बाजूला फिरवला. तिथला बूट अजून फाटलेला नाही, पण घड्यांच्या तळाशी बारीक तडे दिसतायत. बूट नवा मागवलाय. वायर ब्रश घेऊन तिथल्या नकलची चीर आजच खरवडली आणि पहिलं तेल सोडलं, चिरेतून.